गोपिकानं भरलेल्या बांगड्या

नागपुरात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात तुळसाबाई कासारीण बसायची ती जागा मला आजही दाखवता येईल. एका अंगाला मिरचीवाले, दुसऱ्या अंगाला हुडकेश्वरच्या जयवंताबाईची भाजी आणि मध्ये पोत्यावर मांडलेल्या बांगड्या. दर सणाला माझी आई मला घेऊन तिथं जायची. बांगड्या घ्यायला कितीसा वेळ लागतो? पण आम्ही तासभर बसायचो, ते तुळसाबाईच्या बोलण्यासाठी. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचा जावई रुसला, रेल्वेच्या क्वार्टरात कोण नवीन राहायला आलं, सगळं तिला ठाऊक असायचं. समोरच्या बाईचा हात कुस्करता कुस्करता ती अशी काही गोष्ट लावायची, की बांगडी मनगटात कधी उतरली ते कळायचंच नाही.

तरणेपणी नवरा गेला तेव्हा तिनं त्याची टोपली उचलली होती. स्वतःचे हात भुंडे आणि ही दुसरीला बांगड्या भरणार, म्हणून त्या काळी बायकांनी नाकं मुरडली. तुळसाबाईनं त्यांना बोलून बोलून आपलंसं केलं. बांगडी काचेची असते, तिला कुठं कळतं कोण सवाष्ण आणि कोण नाही, असं म्हणत ती बाईचा दुसरा हात ओढून घ्यायची.

गोपिका ही शेजारच्या जयवंताबाईची मुलगी. चार वर्षांची असताना तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण कान घेऊन गेला. जे पाच-पन्नास शब्द येत होते तेही हळूहळू जिभेवरून पुसले गेले. गळ्यातून आवाज निघायचा, पण तो ऐकून पोरं हसतात हे तिला दिसलं आणि तिनं आवाज काढणंच सोडून दिलं. घरात, गावात सगळे तिला मुकी म्हणायचे. त्यात राग नसायचा, तेच तिचं नाव झालं होतं.

सतराव्या वर्षी रामाजीनं, म्हणजे तिच्या बापानं, पारशिवनीकडच्या एका गावात तिचं लग्न लावून दिलं. पोरीला थोडं कमी ऐकू येतं, एवढंच मुलाकडच्यांना सांगितलं होतं. वर्षभरात निरोप आला, पोरगी घेऊन जा. गाय दावं तोडून पिकात शिरली, सगळे ओरडत धावले आणि ही पाठमोरी भांडी घासत बसली, असं सासू सांगत होती. रामाजी खाली मान घालून ऐकत राहिला आणि मुलीला घेऊन आला. दुसऱ्या दिवशी न्हाणीत जयवंताबाईनं तिच्या पाठीवरचे वळ पाहिले.

ही चौसष्ट सालची गोष्ट. घरी भावाची बायको आली होती, तिच्या नजरेत मुलगी दिवसभर नको म्हणून जयवंताबाई तिला बाजारात आणू लागली. गोपिका मेथीच्या जुड्या बांधायची, वांगी पुसून रचायची आणि बाकी वेळ तुळसाबाईकडे बघत बसायची. तिच्या बोलण्याकडे बघून तिला काय कळणार? ती बघायची हातांकडे.

तुळसाबाईच्या हातांची तेव्हा दशा झाली होती. सांधेवातानं बोटं वाकडी होत चालली होती. बांगडी भरताना अंगठ्याच्या बुडाशी नेमका दाब द्यावा लागतो, तो देता येत नव्हता. ती ते बोलण्यात झाकून न्यायची. संक्रांतीच्या आधीच्या बुधवारी एक जाड हाताची बाई आली. पहिली बांगडी वाढली, दुसरी वाढली, तिसरीनं बाईच्या हातावर रक्ताचा ओरखडा काढला. बाई हात ओढून घेऊन उठायला लागली. तेवढ्यात गोपिका सरकत पुढं आली. तिनं त्या बाईचा हात आपल्या मांडीवर घेतला, पदरानं रक्त टिपलं आणि अंगठ्याखालची गादी कणीक मळल्यासारखी मळू लागली. ती बाईच्या हाताकडे बघतच नव्हती, तोंडाकडे बघत होती. कपाळावर आठी पडली की थांबायची, आठी गेली की पुढं सरकायची. एक बांगडी गेली, मग दुसरी. डझन पुरा झाला तेव्हा बाई म्हणाली की दुखलंच नाही.

तुळसाबाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फारसं बोलली नाही. बाजार उठताना जयवंताबाईला म्हणाली, "तुही पोरगी मले दे वं. मी तिले हा धंदा शिकवीन."

जयवंताबाईला आधी ती थट्टा वाटली. "तिले आयकू येत नाही. गिऱ्हाइकाशी बोलन कशी?"

"बोलाले मी हाव ना."

रामाजीला पसंत नव्हतं. माळ्याच्या घरातली पोरगी कासाराचं काम करणार, हे त्याला पटेना. शिवाय तुळसाबाईला स्वतःला आता हात हवे आहेत, म्हणून ती गोड बोलते आहे, असं त्याचं म्हणणं होतं. ते खोटंही नव्हतं. तुळसाबाईनं ते कधी लपवलं नाही. माझे हात गेले, तिचे कान गेले, दोघींचं मिळून एक माणूस होतं, असं ती चारचौघांत हसून सांगायची. तुळसाबाईच्या घरीही कुरकुर झाली. तिचा पुतण्या भैय्याजी याचं इतवारीत बांगड्यांचं ठोक दुकान होतं आणि फिरोजाबादचा माल तिला त्याच्याकडूनच मिळायचा. बाहेरच्या पोरीला धंदा कशाला शिकवतेस, म्हणून त्यानं विचारलं. तुळसाबाईनं त्याला उलट विचारलं, तुझी बायको टोपली घेऊन बाजारात बसायला येते का, येत असेल तर आजपासून तिला शिकवते. भैय्याजीनं विषय सोडून दिला.

तेव्हापासून सहा-सात वर्षं दोघी मिळून बसल्या. गोपिका शिकली ते फार लवकर. बाई समोर बसली की मूठ बघून माप काढायची आणि बरोबर त्याच मापाची माळ उचलायची. दोघींची आपली एक भाषा तयार झाली. मेथीची जुडी बांधल्यासारखी बोटं फिरवली की हिरव्या, कपाळाला बोट लावलं की लाल, गालावरून हात फिरवला की हळदी पिवळ्या. तुळसाबाई भाव सांगायची, घासाघीस करायची, गावभरच्या बातम्या पुरवायची. गोपिका बांगड्या भरायची. मिळकतीची वाटणी अर्धी-अर्धी, आणि त्यात तुळसाबाईनं कधी हात आखडला नाही. पोळा, महालक्ष्म्या, वैशाखातली लग्नं, सगळीकडे दोघी बरोबर जायच्या. गोपिका आपल्या कमाईतून लुगडं घ्यायची, भावाच्या पोरांना खाऊ आणायची. भावजय नीट वागू लागली. रामाजीही गप्प झाला.

मी त्या वर्षांत दहाबारा वेळा तरी तिच्याकडून बांगड्या भरून घेतल्या असतील. पण खरं सांगायचं तर तिचा चेहरा तेव्हा माझ्या लक्षात राहिला नाही. हात तिच्या हातात असायचा आणि डोळे तुळसाबाईकडे. सगळ्याच बायकांचं तसं होतं. "तुळसाबाईकडून बांगड्या भरून आलो," असंच आम्ही घरी येऊन सांगायचो.

एका पावसाळ्यात तुळसाबाई आजारी पडली. त्या बुधवारी गोपिकानं एकटीनं पोतं अंथरलं. बायका आल्या. कोणी उभ्याउभ्या भाव विचारला, कोणी मान वळवून शेजारणीशी बोलत विचारला. भाव, रंग असे नेहमीचे शब्द गोपिका आता ओठांवरून ओळखायची, पण ओठ दिसले नाहीत की काही कळायचं नाही. ती वर बघेपर्यंत बाई पुढं गेलेली असायची. दोघी-तिघींनी "तुळसाबाई नाही का?" म्हणून पाय मागं घेतला. एकीनं आपल्याच मनानं भाव ठरवून हातात पैसे टेकवले आणि निघून गेली. जयवंताबाई आपली भाजी सोडून मध्ये मध्ये बोलायला यायची, तोवर तिकडं वांग्यांत गाय तोंड घालायची. संध्याकाळी टोपली भरलेलीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी जयवंताबाई तुळसाबाईला बघायला गेली. पेज करून दिली, पाय चेपले आणि मग निघताना दारात उभं राहून जे मनात होतं ते बोलली.

"वाईट नोका वाटून घेऊ, तुळसाबाई. तुमी हाव तवर ठीक हाय. मंग इचं काय?"

तुळसाबाईला ते लागलं. आपण या पोरीचं भलं केलं, असा तिचा पक्का समज होता, आणि लोकही तसंच म्हणायचे. अंथरुणावर पडल्या पडल्या तिच्या लक्षात आलं की सात वर्षांत गोपिकानं एकदाही एकटीनं एक डझन बांगड्या विकलेल्या नाहीत. भाव सांगण्याची, गिऱ्हाईक थांबवण्याची, माल आणण्याची वेळच तिच्यावर आली नव्हती. गिऱ्हाईक दिसलं की आपलं तोंड आधी उघडायचं. उद्या आपण गेलो तर ही पुन्हा मेथीच्या जुड्या बांधत बसणार.

बरी झाल्यावर पहिल्या बुधवारी तुळसाबाई बाजारात आली, पोतं अंथरलं, बांगड्या मांडल्या आणि उठून रस्त्याच्या पलीकडे निंबाखाली जाऊन बसली. गोपिका बघत राहिली. बायका आल्या तशा सवयीनं तुळसाबाईकडे वळल्या. तिनं फक्त गोपिकाकडे बोट दाखवलं. भाव विचारला तर बोट, रंग विचारला तर बोट. सबंध बाजारातली सगळ्यात बोलकी बाई तोंडात पदराचं टोक धरून बसली होती. दोघींचं भांडण झालं, अशी बातमी दुपारपर्यंत मिरचीवाल्यांपासून मटणाच्या दुकानापर्यंत पोचली.

भांडण झालंच, पण ते एकट्या गोपिकाच्या बाजूनं. गोपिकाला वाटलं, हिनं आपल्याला टाकलं. एकदा एका घरानं टाकलेलं तिला माहीत होतं. तेव्हाही आधी कोणी काही सांगितलं नव्हतं, नुसती एके दिवशी माणसं लांब बसू लागली होती. दुपारी तिनं बांगड्या टोपलीत भरल्या, टोपली नेऊन निंबाखाली तुळसाबाईच्या पायाशी ठेवली आणि हुडकेश्वरची वाट धरली. पुढचे दोन बुधवार ती आली नाही.

तिसऱ्या आठवड्यात तुळसाबाई कांदेवाल्याच्या बैलगाडीत बसून हुडकेश्वरला गेली. तेव्हा हुडकेश्वर म्हणजे निव्वळ खेडं, विहिरीवरचे मळे आणि मधून चिखलाची वाट. गोपिका वांग्याच्या वाफ्यात होती. तुळसाबाईला पाहून तिनं पाठ फिरवली. पाठ फिरवली की संपलंच, तिला हाकही मारता येत नाही. तुळसाबाई शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून राहिली. उन्हं कलली तशी गोपिकाला घराकडे यावंच लागलं. अंगणात खाट होती. ती जवळ येताच तुळसाबाई खाटेवर उताणी झोपली, पाय जुळवले, हात छातीवर ठेवले आणि डोळे मिटले.

"काय अभद्र करून राहिल्या वं माय?" जयवंताबाई चुलीपासून धावत आली.

तुळसाबाईनं एक डोळा उघडून तिला गप्प बस म्हणून खुणावलं आणि पुन्हा मिटून घेतला. गोपिका जागच्या जागी उभी राहिली. मग तुळसाबाई उठून बसली. जिथं आडवी झाली होती त्या जागेवर हात ठेवला, मग स्वतःच्या पांढऱ्या केसांवर. मग आपल्या तोंडाला कुलूप घातल्यासारखी मूठ वळली आणि गोपिकाकडे बोट करून दोन्ही तळवे रिकामे पसरले. मी गेले, माझं तोंड गेलं, मग तू काय करशील?

गोपिका खाटेच्या कडेला बसली. तिनं तुळसाबाईचा हात मांडीवर घेतला आणि तिची वाकडी बोटं एकेक करून चेपायला लागली. जयवंताबाई सांगायची की दोघी तशाच बसल्या होत्या, दिवा लावला तरी उठल्या नाहीत.

पुढच्या बुधवारपासून गोपिका आपल्या पद्धतीनं बसू लागली. आधी तिनं बसण्याची दिशा बदलली. पूर्वी उन्हाकडे तोंड करून बसायची. आता अशी बसली की उजेड गिऱ्हाइकाच्या तोंडावर पडावा आणि ओठ दिसावेत. मग तिनं एक फळी आणली. तिच्यावर प्रत्येक जातीची एकेक बांगडी मांडली आणि प्रत्येकीपुढं डझनाचा भाव म्हणून नाणी ठेवली. लिहिता-वाचता तिलाही येत नव्हतं आणि गिऱ्हाइकांनाही फारसं नव्हतं, नाणी मात्र सगळ्यांना वाचता यायची. कोणी भाव पाडून मागितला की ती हसून मान हलवायची. फारच पाडला तर बांगड्यांवर फडकं पांघरायची, की बाई हसत हसत पुन्हा भाव वाढवायची. कोणी न बघता पुढं चाललीच, तर ती काठीनं फळीवर टकटक करायची. तो आवाज तिला ऐकू यायचा नाही, हाताला कळायचा.

सगळ्या बायका टिकल्या नाहीत. गप्पांसाठी येणाऱ्या काही जणी दुसऱ्या कासारणीकडे गेल्या. तुळसाबाईला निंबाखालून हे दिसायचं आणि तिचा जीव तुटायचा. कोणी गोपिकाला फसवून कमी पैसे देताना दिसलं तर ती उठून उभी राहायची, आणि पुन्हा खाली बसायची. एकदा न राहवून ती ओरडलीच, तर गोपिकानं लांबूनच तिच्याकडे असं रोखून पाहिलं की पुन्हा तिनं तसं केलं नाही. फसवणाऱ्या बाईला गोपिकानं दुसऱ्या बुधवारी ओळखलं, तिचा हात धरून ठेवला आणि राहिलेलं नाणं घेऊनच सोडला. इतवारीत भैय्याजीच्या दुकानीही ती एकटी जाऊ लागली. तडा गेलेली बांगडी ती बोटाच्या टोकानं ओळखायची आणि न बोलता बाजूला ठेवायची. भैय्याजीला राग यायचा, पण माल द्यायचा.

राहिलं होतं ते लग्नाचं काम. खरी कमाई आणि खरा मान चुडा भरण्यात. त्यात अडचण अशी, की चुडा भरून झाला की नवरी कासारणीच्या पाया पडते आणि कासारीण तिला आशीर्वाद देते. तो आशीर्वाद मोठ्यानं म्हटला जावा, मांडवातल्या सगळ्यांनी ऐकावा, अशी रीत. गोपिका मुकी, त्यात नवऱ्यानं टाकलेली. कोण बोलावणार?

पहिलं बोलावणं रामबागेतून आलं. तिथल्या प्रयागबाईच्या मुलीचं लग्न होतं. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतलेलं कुटुंब, लग्न वंदना घेऊन व्हायचं. पण हिरव्या बांगड्यांवाचून मुलगी मांडवात उभी राहू नये, असं आजीला वाटत होतं. जयवंताबाईनं आधीच सांगून टाकलं, पोरीला आशीर्वाद म्हणता येणार नाही. प्रयागबाई म्हणाली, "आमाले कोनाच्या तोंडचा मंत्र नाही पायजे, बाई. पोरीचे हात खरचटू नये, एवढंच पायजे." गोपिकानं त्या दिवशी त्या घरातल्या आणि आळीतल्या मिळून सगळ्या बायकांना बांगड्या भरल्या. त्यानंतर रामबागेतली लग्नं तिचीच झाली.

त्र्याहत्तर साली माझं लग्न ठरलं. आई म्हणाली, चुडा गोपिकाच भरेल. माझ्या आत्याला ते मान्य नव्हतं. आमच्या घरात आत्याचा शब्द चालायचा. दोन दिवस वाद झाला. शेवटी असं ठरलं की गोपिका चुडा भरेल आणि तुळसाबाई आशीर्वाद देईल, म्हणून दोघींना बोलावलं.

मी पाटावर बसले. तेव्हा पहिल्यांदा मी गोपिकाचा चेहरा नीट पाहिला, कारण या वेळी बोलणारं कोणी नव्हतं. सावळा, रुंद, भुवया जुळलेल्या. ती माझ्याकडे एकटक बघत होती. मला भीती वाटत होती ती बांगड्यांची नव्हती, दुसऱ्या दिवशी जायचं होतं त्याची होती. ते तिला दिसलं असावं. ती मध्येच थांबली आणि माझा हात नुसताच धरून बसली, आजूबाजूला घाई चालू असताना. मग पुन्हा कामाला लागली. दोन्ही हात हिरवेगार झाले.

आत्यानं तुळसाबाईला हाक मारली. तुळसाबाई पडवीत भिंतीला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, "हात तिनं धरला, चुडा तिनं भरला. मी मधात तोंड घालून काय करू? वाकाचं असन तर पोरीनं तिच्यापुढं वाकाव."

"मंग आशीर्वाद कोन देईन?" आत्यानं विचारलं.

मी उठले आणि गोपिकाच्या पाया पडले. तिनं माझे दोन्ही खांदे धरले आणि तिच्या गळ्यातून एक आवाज आला. जाडसर, लांब, त्यात एकही शब्द नव्हता. बरोबर आलेली जयवंताबाई सोडली तर आमच्यापैकी कोणीच तो आवाज कधी ऐकला नव्हता. मांडवातली पोरं बघायला लागली. हसलं मात्र कोणी नाही. आईनं गोपिकाच्या ओटीत नारळ, तांदूळ, खण घातला आणि हळदीकुंकू लावलं. मग आत्या पुढं झाली आणि खबरदारी म्हणून तिनं स्वतःच मोठ्यानं "अखंड सौभाग्यवती हो" म्हणून घेतलं. तिचं समाधान शेवटपर्यंत झालं नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तिनं महाल भागातून दुसरी कासारीण आणवली.

तुळसाबाई शहात्तर साली थंडीत गेली. तेराव्यानंतर भैय्याजीनं बुधवार बाजारातली तिची जागा आपली म्हणून एक माणूस टोपली देऊन बसवला. गोपिकानं वाद घातला नाही. तिनं आपली फळी उचलली आणि आईच्या भाजीच्या पलीकडे चार हातांवर मांडली. बायका तिच्याकडेच जाऊ लागल्या. भैय्याजीचा माणूस उन्हाळाभर बसून कंटाळला आणि गेला. भैय्याजी व्यवहारी होता. दिवाळीच्या आधी तो स्वतः बाजारात आला आणि यंदाचा नवा माल कुठला हवा, ते फळीवर बोट ठेवून तिला विचारून गेला.

ऐंशी सालानंतर हुडकेश्वरच्या बाजूला प्लॉट पडायला लागले. रामाजी थकला होता, भावानं मळ्याचा रस्त्याकडचा भाग विकायला काढला. त्या वेळी गोपिकानं बापाला हात धरून रस्त्याच्या कडेला नेलं आणि काठीनं जमिनीवर एक चौकोन आखला. एवढा मला पाहिजे. भाऊ कुरकुरला. रामाजी म्हणाला की घराच्या वाटपाचा आवाज तिला कधी ऐकू आला नाही म्हणून ती गप्प राहिली, आता मागते आहे तर देऊन टाकू. त्या चौकोनावर तिनं आपल्या पैशानं टिनाचं एक दुकान घातलं. भिंतींना खिळे ठोकून बांगड्यांच्या माळा लावल्या. प्लास्टिकच्या बांगड्या आता येऊ लागल्या होत्या. त्या तिनं एका कोपऱ्यात, नाइलाजानं ठेवाव्या तशा ठेवल्या होत्या.

दुकान उघडलं त्या दिवशी मी माहेरी आले होते, म्हणून सहज तिकडे गेले. जयवंताबाई दारात बसून आल्यागेल्याला गूळ देत होती. पहिलं गिऱ्हाईक आलं ते नवीन वस्तीतलं, एस. टी.तल्या एका कंडक्टरची बायको. ही दुकानदारीण कोण, तिला काय होतं, हे त्या बाईला काहीच माहीत नव्हतं. ती दुकानात शिरली आणि भिंतीकडे तोंड करून माळा चाचपत भराभर बोलायला लागली. हिरव्या आहेत का, कशा दिल्या, माझ्या हाताला कुठली येईल. जयवंताबाई उत्तर द्यायला उठणार, तोवर गोपिकानं फळीवर काठी वाजवली. बाई दचकून वळली. गोपिकानं आपल्या कानाला बोट लावलं, मान हलवली, मग बाईच्या ओठांकडे बोट दाखवलं आणि समोरची चटई झटकली. बाई क्षणभर गोंधळली. मग समोर येऊन बसली, हात पुढं केला आणि या वेळी सावकाश, तिच्याकडे बघून म्हणाली, "दोन डझन हिरव्या."